तावदान पुन्हा पुन्हा तडकतं, खुळखुळतं, गळतं: लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या काचेचं दुखणं

"अहो, तिसऱ्यांदा तडकली बघा. परत त्याच कोपऱ्यात."

सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंचा फोन. घर जुनं, खिडक्या लोखंडी झेड सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी झेडसारख्या वळणाच्या पट्ट्यांच्या. खालच्या डाव्या तावदानाला तडा गेला की काचवाला यायचा, नवी काच घालायचा, लांबी (काचेच्या कडेला भरायचा तेलकट लगदा) भरायचा आणि पैसे घेऊन जायचा. वर्ष-दीड वर्षानं पुन्हा तेच. हल्लीच्या काचाच तकलादू, असं काकूंचं मत झालं होतं. शेजारणीनं तर वास्तूचा दोष काढला होता.

मी लांबी खरवडली, काच काढली आणि रिकाम्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला गंजाचे पापुद्रे लागले, खारीच्या थरांसारखे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी या खिडकीचा खालचा अर्धा भाग काही दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर घराला रंग लागला, खिडक्यांनाही लागला, पण बाहेरून. काचेखालच्या खाचेत ब्रश जातच नाही, त्यामुळे तिथला ओलावा तिथंच राहिला.

लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ही जागा तो मागून घेत नाही, काचेला ढकलून घेतो. काच दाबाला पुष्कळ सोसते, पण कडेच्या एका बिंदूवर कोणी टोचत राहिलं की तिचं काही चालत नाही. तीन वेळा काच बदलली आणि तिन्ही वेळा नवी काच त्याच फुगलेल्या गंजावर टेकवली, मग चौथ्यांदाही ती तडकणारच.

फॅब्रिकेशनच्या धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की काचेची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार जवळजवळ नेहमी खाचेत दडलेली असते आणि औषध मात्र वरून चोपडलं जातं. कुठं लांबीचा थर, कुठं सिलिकॉनची नळी, कुठं रबराच्या फटीत खोचलेली आगकाडी. काच न काढता केलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या फोनची तारीख ठरवणं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी काच बाहेर काढायला सांगितलंय. कंटाळवाणं आहे, पण त्याला इलाज नाही.

आधी तडा कुठून निघालाय ते बघा

फुटलेली काच फेकू नका. निदान अर्धा तास तरी तिच्यासमोर बसा. बसण्याआधी तिच्यावर चिकटपट्टीची मोठी फुली मारा, म्हणजे तुकडे अंगावर येणार नाहीत, आणि हातमोजे घाला.

तडा मध्यावरून चांदणीसारखा फाकला असेल तर काहीतरी आपटलंय. चेंडू म्हणा, आंब्याची डहाळी म्हणा. चौकटीचा त्यात दोष नाही, नवी काच घाला आणि विसरा.

तडा कोपऱ्यातून किंवा कडेच्या एका ठिकाणाहून निघालाय आणि तिथं शिंपल्यासारखा छोटा टवका उडालाय, तर काच धातूला टेकली आहे. तिथं गंज असेल, स्क्रूचं टोक असेल, नाहीतर वेल्डिंगची गोळी. ही शेवटची गोष्ट मी कित्येकदा पाहिली आहे. चौकट जोडताना कोपऱ्यात आतल्या बाजूनं वेल्डिंगचा एवढासा गोळा राहतो, ग्राइंडर तिथवर पोचत नाही म्हणून कोणी घासत नाही, आणि काचेचा कोपरा नेमका त्यावर बसतो. कानशीनं पाच मिनिटांचं काम असतं.

तडा कडेशी अगदी काटकोनात निघालाय आणि दोन-चार इंच सरळ जाऊन मग नदीसारखा वळलाय, टवका कुठंच नाही, तर तो उन्हाचा तडा. जतला एका घरात पश्चिमेच्या मोठ्या काचेवर आतून काळी फिल्म चिकटवली होती. उन्हाळ्यात फिल्म उष्णता शोषते, काचेचा मधला भाग तापतो, पण चौकटीत लपलेली कड सावलीत थंड राहते. मधला भाग पसरायला बघतो, कड त्याला धरून ठेवते. दोन्हींत ३०-४० अंशांचा फरक पडला की साधी काच कडेला फाटते. तिथं पुन्हा साधी काच घालून उपयोग नाही. फिल्म काढा किंवा टफन (तापवून झटकन गार करून कणखर केलेली) काच घाला, ती सुमारे २०० अंशांपर्यंतचा फरक सोसते. जाड पडदा किंवा कपाटाची पाठ काचेला अगदी चिकटून असेल तरी हाच प्रकार होतो.

टफन काच मात्र तडकत नाही, तिचा एकदम साबुदाणा होतो. कडेला टणक धातूचा टोला बसणं हे नेहमीचं कारण. क्वचित काचेतच निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असतो आणि काच काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आपोआप फुटते. अशा वेळी बसवणाऱ्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं.

लोखंडी चौकट: लांबी का सुटते आणि कशी भरायची

काकूंच्या खिडकीकडे परत येऊ. आधी जुनी लांबी पटाशीनं काढायची. वर्षानुवर्षांची लांबी दगडासारखी होते, तेव्हा घाई केली की काच जाते. तडकलेली काच असेल तर हरकत नाही, पण चांगली काच वाचवायची असेल तर लांबीला थोडी थोडी ऊब देऊन मऊ करा. ऊब लांबीला द्यायची, काचेला नाही. एका जागी हीट गन रोखून धरली की उन्हाच्या तड्याचा प्रयोग तिथल्या तिथं बघायला मिळतो. तोंडाला मास्क हवा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते आणि ती धूळ लहान मुलांच्या आसपास उडवायची नसते.

खाच मोकळी झाली की तारेचा ब्रश, कानस, पॉलिश पेपर, जे हाताला येईल त्यानं गंज काढायचा. धातूची चकाकी दिसेपर्यंत. गंजाचा पापुद्रा सोडून त्यावर प्रायमर मारणं म्हणजे शेणावर सारवण. नंतर त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक क्रोमेट प्रायमरचा हात द्या. सांगलीच्या पावसाळी हवेत चकाकणारं लोखंड एका रात्रीत पिवळं पडतं, म्हणून सकाळी घासा आणि दुपारी प्रायमर लावा. सेक्शन खाऊन भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. मात्र वेल्डिंग करताना शेजारच्या काचा गोणपाटानं झाका. ठिणग्या काचेत रुततात, ते ठिपके पुन्हा निघत नाहीत.

प्रायमर वाळेपर्यंत चौकट सरळ आहे का ते तपासा. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणा. मध्यावर दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चौकट सपाट आहे. मध्ये फट राहिली, किंवा एकीनं दुसरीला दाबलं, तर चौकट पिळवटलेली आहे. पिळलेल्या चौकटीत सपाट काच दाबून बसवली की ती त्या दिवशी टिकते आणि एखाद्या रात्री कोणी हात न लावता "टक" करते.

आता काचेचं माप. इथंच निम्मी कामं बिघडतात. बहुतेक जण खाचेचं माप घेतात आणि तेवढीच काच कापून आणतात. अंगाला घट्ट बसलेली काच बघून गिऱ्हाईकही खूश होतं. पण काच चारही बाजूंनी एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, मोकळी हवी. म्हणजे खाचेच्या मापातून रुंदीत दोन सूत आणि उंचीत दोन सूत वजा करा. खाच काटकोनात नसेल तर मापावर विसंबू नका, पुठ्ठ्याचा नमुना कापा आणि काचवाल्याला तोच द्या. कापलेल्या काचेची कड दगडावर किंवा ओल्या पॉलिश पेपरवर घासून घ्या. हिरकणीनं, म्हणजे काच कापायच्या हत्यारानं, कापलेल्या कडेला डोळ्यांना न दिसणारे बारीक टवके असतात आणि तडा तिथूनच सुरू होतो.

खाचेत आधी लांबीचा पातळ थर द्यायचा. ही पायरी वगळली जाते, कारण काच बसल्यावर ती दिसत नाही. काच त्या थरावर दाबून बसवली की मागं दोन-तीन मिमी लांबी उरली पाहिजे, बाकीची आतल्या बाजूला बाहेर येते ती सुरीनं छाटायची. धातू आणि काच यांची थेट भेट कुठंही होता कामा नये. खालच्या कडेखाली कडक रबराचे दोन छोटे तुकडे ठेवा, दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या पाव अंतरावर. काचेचं सगळं वजन या दोन तुकड्यांवर. मग सेक्शनच्या भोकांत स्टीलच्या स्प्रिंग क्लिपा अडकवा, एका काचेला निदान चार. काकूंच्या तावदानाला एकही क्लिप नव्हती, नुसत्या लांबीवर काच तगून होती. लांबी हे भरण आहे, काचेला अडकवून धरणं तिचं काम नाही. शेवटी बाहेरून उताराची लांबी, आतून दिसणाऱ्या रेषेपेक्षा किंचित कमी उंचीची.

आणि आता रंगाची घाई करू नका. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळलेली साधी लांबी लाकडात लवकर घट्ट होते, कारण लाकूड तेल पितं. लोखंड तेल पीत नाही. म्हणून लोखंडासाठीची लांबी वेगळी मिळते, ती मागा. दहा-पंधरा दिवसांत वर साय धरली की रंग द्या. रंगाची रेघ लांबीवरून काचेवर दोनेक मिमी चढली पाहिजे. त्या दोन मिमीनंच काच आणि लांबीमधली फट बंद होते, पाणी आत जात नाही. कारागीर चांगला असेल तर काचेवर रंग गेला म्हणून ब्लेडनं अगदी काठापर्यंत खरवडून साफ करतो आणि आपल्याच हातानं गळतीची सोय करून ठेवतो. सफाईची हौस इथं महागात पडते. उलट, रंगच दिला नाही आणि लांबी वर्षभर उघडी राहिली, तर ती सुकून चिरते.

एक वेगळीच गंमत. हल्ली दुकानात "पुट्टी द्या" म्हटलं की भिंतीची पांढरी सिमेंटची पुट्टी पुढ्यात येते. ती तावदानाला भरलेली मी मिरजेत निदान चार घरांत पाहिली. पहिले काही महिने सुंदर दिसते. ती ताठ असते, लोखंड उन्हात जरा हललं की सुटते, आणि पहिल्या वळवाला पोपडे खाली. ती काढायलाही त्रास. भिंतीची भिंतीला ठेवा.

धातूच्या दारं-खिडक्या बसवण्याची आणि त्यांत काच घालण्याची भारतीय मानक संहिता आयएस १०८१ ही १९६० ची आहे. म्हणजे हे काही नवीन ज्ञान नाही.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी: रबर बाहेर का येतं

सध्या येणाऱ्या दहा फोनांतले सहा-सात या प्रकारचे. "काच थडथडते", "रबर लोंबतंय", "खालून पाणी येतंय". पाटण, कोयना बाजूच्या लोकांची तक्रार आणखी वेगळी असते. भूकंपाचा हलका धक्का बसला की घरातल्या सगळ्या सैल काचा एकदम वाजतात आणि माणसं अंगणात धावतात. कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांच्या घरात सांगितली जाते त्यांना हा आवाज नुसता आवाज वाटत नाही.

सरकत्या शटरमध्ये, म्हणजे खिडकीच्या सरकणाऱ्या पल्ल्यात, काचेच्या कडेला इंग्रजी यू आकाराचं रबर चढवतात आणि मग चारही बाजूंनी सेक्शन ठोकून कोपऱ्यांवर स्क्रू मारतात. रबर बाहेर येण्याची मला सापडलेली कारणं अशी आहेत, आणि एकाच खिडकीत दोन-तीन एकत्र असू शकतात.

सगळ्यात जास्त वेळा रबर ताणून बसवलेलं असतं. कारागीर एका हातानं रबर ओढत ओढत काचेला चढवतो, काम झटपट होतं, चार-सहा इंच रबर वाचतं. ताणलेलं रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यांपासून मागं सरतं. तिथून पाणी, धूळ, मुंग्या. रबर नेहमी परिघापेक्षा थोडं जास्त कापायचं. चार फूट बाय दोन फुटांच्या शटरचा परीघ साडेतीन मीटरच्या आसपास येतो, त्याला सहा-सात सेंटीमीटर जास्त घ्या आणि दाबत, ढकलत बसवा, ओढत नाही. शक्य तर एकच अखंड तुकडा, कोपऱ्यांवर आतल्या बाजूनं त्रिकोणी खाच मारून वळवलेला, आणि जोड वरच्या मध्यावर, जिथं पाणी साचत नाही. बसताना अडत असेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, खनिज तेलानं ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) फुगतं.

दुसरं कारण रबराची जात. स्वस्तातलं पीव्हीसीचं रबर नवं असताना मऊ लागतं. त्याला मऊ ठेवणारा पदार्थ उन्हात हळूहळू निघून जातो, मग ते आखडतं आणि नखानं दाबलं तर कडक लागतं. ईपीडीएम ऊन-पावसात बरीच वर्षं टिकतं. दोन्हींत भावाचा फरक आहे, पण एका शटरला लागणारं रबर ते किती. तिथं पैसे वाचवणाऱ्याला माझा नमस्कार.

तिसरं, काच आणि रबराची जोडी चुकलेली. ५ मिमी काचेसाठीच्या रबरात ४ मिमी काच. घरमालकानं ५ चे पैसे दिलेले असतात. वाद घालण्याआधी काचेची जाडी कडेला मोजून घ्या. आणि रबर शाबूत आहे, तरी काच थडथडते का, हे बघायचं असेल तर लग्नपत्रिकेच्या जाडीचा कागद काच आणि रबरामध्ये सरकवा. सहज आत गेला तर पकड सुटलीय.

चौथं कारण वजनाचं आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. चार बाय दोन फुटांची ५ मिमी काच नऊ किलोची झाली. हे नऊ किलो नुसत्या यू रबरावर टेकवलं की खालचं रबर चेपतं, काच खाली उतरते, वर फट पडते आणि वरचं रबर लोंबायला लागतं. लोक वरचं रबर चिकटवत बसतात, दुखणं असतं खाली. शिवाय खाली उतरलेली काच बेअरिंगच्या पेटीला किंवा कोपऱ्यातल्या लांब स्क्रूच्या टोकाला टेकते आणि तिथून तडा. उपाय तोच, खालच्या कडेखाली पाव-पाव अंतरावर कडक निओप्रीनचं (हेही एक कृत्रिम रबरच) पॅकिंग. जागा धरून ठेवेल असं कडक हवं. लाकडाची चपटी, पुठ्ठा, घडी केलेलं एसटीचं तिकीट चालणार नाही (हे शेवटचं मी खरंच काढलंय). लाकूड भिजून फुगतं आणि मग कुजतं, पुठ्ठ्याचा लगदा होतो. कोपऱ्यात स्क्रू मारण्याआधी तो आत किती जातो ते बाहेरून काचेच्या रेषेशी धरून बघा. अर्ध्या इंचाचा पुरत असताना पाऊण इंचाचा मारणारे आहेत.

शटर काढायला फार कौशल्य लागत नाही. वर उचलायचं, खालची कड आपल्याकडे घ्यायची, बाहेर काढायचं. दोघं जण हवेत, आणि पहिल्या मजल्याच्या वर असाल तर बाहेरच्या बाजूला जाळी आहे याची खात्री करून.

उन्हाचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण "एवढी फट कशाला" हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. दीड मीटर लांबीचं ॲल्युमिनियम ४० अंशांनी तापलं तर सुमारे १.४ मिमी वाढतं. तेवढीच काच जेमतेम अर्धा मिमी वाढते. लोखंड मधोमध, ०.७ मिमी. म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच आणि धातू रोज एकमेकांना घासत पुढं-मागं होतात, त्यातही गडद तपकिरी पावडर कोटिंग असेल तर जास्तच. ही हालचाल रबरानं आणि मोकळ्या जागेनं झेलायची असते. लोखंडी चौकटीत हा फरक थोडा असल्यानं तिथं लांबी टिकते. ॲल्युमिनियमला लांबी लावून बसवलेली काच म्हणूनच दोन उन्हाळे काढत नाही.

आणि पाणी. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी निघायची भोकं असतात. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, ते बाहेर जावं म्हणून ही भोकं. एका फ्लॅटमध्ये "पाणी येतंय" म्हणून आधीच्या माणसानं ती सगळी भोकं सिलिकॉननं बुजवली होती. पाण्यानं मग घरात यायचा रस्ता धरला. भोकं नसतील तर पाडून घ्या, आठ-दहा मिमीची. त्याहून बारीक भोकात पाण्याचा थेंबच बूच होऊन बसतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्यातली माती काडीनं काढा.

दाराची काच: दार घासतं, दोष बिजागरीला

ॲल्युमिनियमचं काचेचं दार काही महिन्यांत कुलपाच्या बाजूनं खाली येतं, फरशीला घासतं. बिजागऱ्या बदलल्या जातात, पुन्हा घासतं. दारात काच खिडकीसारखी, दोन्ही बाजूंना सारख्या पॅकिंगवर बसवली की असं होतं. दाराचं वजन एका बाजूला लटकतं, त्यामुळे चौकोन तिरका व्हायला बघतो.

इथं पॅकिंग तिरकं ठेवायचं. खालच्या कडेखाली बिजागरीच्या बाजूला एक, आणि वरच्या कडेवर कुलपाच्या बाजूला एक. काच मग चौकटीत तिरक्या टेकूसारखं काम करते आणि दाराचं वजन खालच्या बिजागरीकडे उतरवते. पॅकिंगची जाडी कमी-जास्त करून दार पाच-सहा मिमी सहज वर उचलता येतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गिऱ्हाईकापेक्षा मीच जास्त वेळ दार उघडझाप करत उभा होतो. उरलेल्या कोपऱ्यांत सैल तुकडे ठेवा, काच सरकू नये एवढ्यापुरते.

दारात आणि जमिनीलगतच्या काचेत साधी काच घालू नका. टफन किंवा लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेली). टफन काचेच्या कोपऱ्यात छाप असतो, सुरक्षा काचेसाठीचं मानक आयएस २५५३ आहे. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, घासताही येत नाही, म्हणून माप दोनदा घ्या आणि मोकळी जागा मापातच वजा करा. "बसत नाही, जरा कोपरा मारून घेऊ" म्हणणाऱ्याला काचेपासून लांब ठेवा.

सिलिकॉन

वाईट नाही, पण त्याच्यावर सगळं ढकललं जातं. आंबट, शिरक्यासारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं. साध्या लोखंडाला आणि जस्ताच्या मुलाम्याला ते खातं. काचेला घट्ट चिकटतं, आणि आतून गंज सुरू करतं. धातूच्या चौकटीला न्यूट्रल, म्हणजे असं आम्ल न सोडणारं, सिलिकॉन मागा, नळीवर लिहिलेलं असतं. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, जुनं पूर्ण ब्लेडनं काढावं लागतं. धूळ, तेल, ओल यांवरही चिकटत नाही. आणि त्यावर रंग बसत नाही, म्हणून लोखंडी खिडकीत लांबीच्या जागी सिलिकॉन भरलं की रंगारी डोक्याला हात लावतो.

हवेतल्या ओलाव्यानं ते वाळतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिमी. जाड थर भरून संध्याकाळी खिडकी सरकवली की आतला भाग अजून ओला असतो आणि पकड कायमची जाते. निदान एक दिवस हात लावू नका.

साताऱ्याचा वारा

यवतेश्वरच्या चढावर, कासच्या रस्त्याला, चाळकेवाडीच्या पठारावर काम करताना सांगलीचे हिशेब चालत नाहीत. पवनचक्क्या तिथं उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो भरतो आणि १०० किलोमीटरला ४७. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आणि तो दाब एका बाजूनं स्थिर नसतो. झोत आला की काच आत दबते, वारा घराला वळसा घालून गेला की बाहेर ओढली जाते. आत-बाहेर, आत-बाहेर, रात्रभर. काच धरून ठेवणारी, चापानं बसणारी ॲल्युमिनियमची पट्टी यातच सुटते.

अशा ठिकाणी पट्टी आतल्या बाजूनं असू द्या, म्हणजे सुटली तरी काच दरीत जाणार नाही. पट्टी चारही कोपऱ्यांत घट्ट भिडली पाहिजे. आखूड कापलेली पट्टी वाऱ्यानं सरकत सरकत निघते. आतून पाचरीचं रबर ठोकून बसवा, आणि काचेची कड खाचेत किमान ८-१० मिमी आत गेलेली असू द्या. मोठी एकसंध काच हवी असा हट्ट असेल तर जाडी वाढवावी लागेल. मधे एक आडवी पट्टी घालून दोन काचा केल्या तर खर्चही वाचतो, पण सह्याद्री दिसायला अडथळा येतो म्हणून कोणी ऐकत नाही.

काकूंच्या खिडकीचं काम दोन दिवसांत झालं. खाच घासून, प्रायमर देऊन पहिल्या दिवशी तशीच ठेवली, रात्री भोकाला प्लास्टिकचा कागद लावला. दुसऱ्या दिवशी काच. बाकीच्या तीन तावदानांच्या लांबीत सुरीचं टोक घालून बघितलं, त्यांतल्या दोघांत तेच पापुद्रे होते. तीही काढून केली. काकू म्हणाल्या, "न फुटलेली कशाला काढता?" मी त्यांना गंजाचा एक पापुद्रा हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि चहा टाकायला आत गेल्या. मापाचा पुठ्ठा, त्यावर काचेची जाडी आणि तारीख लिहून, त्यांच्या माळ्यावर ठेवलाय. रंगाला अजून आठ दिवस आहेत.